डोक्याचा फोटो

मावशीच्या घरी कपाटावर, लग्नाच्या अल्बमशेजारी, एक मोठं पांढरं पाकीट आहे. त्यात माझ्या मावसभावाच्या मेंदूचा एमआरआय आहे, तीन फिल्म आणि एक पानी रिपोर्ट. पाकीट घरी आलं त्या संध्याकाळी काकांनी एक फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि आम्ही सगळे अक्रोडाच्या गरासारख्या दिसणाऱ्या त्या चकत्यांकडे बघत राहिलो. कळत कुणालाच काही नव्हतं. रिपोर्टच्या तळाशी एकच ओळ कामाची होती, 'लक्षणीय दोष आढळला नाही'. काकांनी फिल्म पाकिटात सारली. म्हणाले, "म्हणजे डोक्यात काही नाही. मग हे सगळं नाटकच की!"

मावसभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने ऐकलं.

तो फोटो काढायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, घरच्यांनीच लावून धरलं होतं. मनोविकारांच्या कुठल्याही ओपीडीबाहेर अर्धा तास बसा, 'एकदा डोक्याचा फोटो काढून टाकू या का?' हे वाक्य कानावर पडतंच. त्यात हसण्यासारखं काही नाही. हाड मोडलं की एक्स-रे, पोटात दुखलं की सोनोग्राफी, छातीत कळ आली की ईसीजी. मग डोकं बिघडल्यावरच डॉक्टर नुसते प्रश्न का विचारत बसतात? झोप कशी आहे, भूक लागते का, मरणाचे विचार येतात का. एवढी फी घेऊन नुसत्या गप्पा? त्यात अधूनमधून बातमी येते की मेंदूच्या स्कॅनवरून संगणकाने नैराश्य आणि बायपोलर (मन कधी फार वर, कधी फार खाली नेणारा आजार) वेगळं ओळखलं, अमुक टक्के अचूक. वाचणाऱ्याला वाटतं, आज ना उद्या हे आपल्या तालुक्यापर्यंत येणारच.

मला वाटतं, ते येऊ नये. निदान रोगाचं नाव सांगणारी चाचणी म्हणून तरी नको. यंत्र कमी ताकदीचं आहे ही अडचण आहेच, पण तिच्याहून मोठी अडचण आपण यंत्राला विचारतोय त्या प्रश्नात आहे. आणि त्या प्रश्नाच्या मागे धावताना, जे आजही हाताशी आहे ते आपण स्वस्त म्हणून बाजूला टाकतोय.

आधी मावसभावाचं काय झालं ते सांगतो, कारण स्कॅन हवासा वाटण्यामागची गरज किती खरी आहे हे त्यातून कळतं. चोविसाव्या वर्षी तो अंथरुणातून उठेनासा झाला. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आठवडेच्या आठवडे बंद. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या. दीड महिन्यात तो उठला, दाढी केली, दुकान उघडलं. पुढच्या पंधरवड्यात रात्री दोन वाजता त्याने एकट्याने दुकान रंगवून काढलं, शेजारच्या गाळ्याला इसार दिला, दूधवाल्याला व्यवसाय कसा वाढवावा यावर तासभर ऐकवलं. घरात आनंदीआनंद होता. गोळ्या लागू पडल्या म्हणून मावशीने सत्यनारायण घातला. आनंद तीन आठवडे टिकला. मग भांडणं, उधारी, एकदा भर बाजारात मारामारी, आणि पुन्हा अंथरूण. हे चक्र पाच वर्षं फिरलं. बायपोलर हा शब्द घरात आला तो पाचव्या वर्षी.

पाच वर्षं हे काही जगावेगळं नाही. अमेरिकेतल्या रुग्णसंघटनेने केलेलं आणि 2003 साली प्रसिद्ध झालेलं एक सर्वेक्षण आहे. त्यात बायपोलर असलेल्यांपैकी 69 टक्के लोकांनी सांगितलं की आपल्याला आधी दुसऱ्याच आजाराचं नाव मिळालं होतं, आणि ते नाव बहुतेक वेळा नैराश्य होतं. एकतृतीयांशाहून जास्त लोकांना बरोबर नाव मिळायला दहा वर्षं किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता. दोन्ही आजारांतलं खाली गेलेलं मन सारखंच दिसतं. औषध मात्र सारखं नाही. बायपोलर असलेल्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही जणांत ती त्याला उलट्या टोकाला फेकू शकते. म्हणून 'यातलं कुठलं?' हा प्रश्न पुस्तकी नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्याचं दुकान, लग्न, कधी कधी जीव अवलंबून असतो. एवढं अडलेलं असताना एखादं यंत्र उत्तर देत असेल तर कुणाला नको आहे?

यंत्राला खरंच काय येतं हे तपासायची एक सुरेख संधी 2011 मध्ये मिळाली होती. एडीएचडी, म्हणजे मुलांमधली अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, स्कॅनवरून ओळखण्याची जागतिक स्पर्धाच भरवली गेली. एडीएचडी-200 हे तिचं नाव. वेगवेगळ्या केंद्रांतून जमवलेले जवळपास हजार मुला-तरुणांचे मेंदूचे स्कॅन सगळ्यांसाठी खुले केले गेले. सोबत वय, मुलगा की मुलगी, डावखुरा की उजवा, बुद्ध्यंक अशी साधी माहितीही दिली होती. संघांनी आपापलं गणित बसवायचं आणि मग नवी जवळपास दोनशे मुलं घेऊन, कुणाला एडीएचडी आहे, असेल तर कुठल्या प्रकारचा, हे ओळखून दाखवायचं.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संघाला साडेबासष्ट टक्के गुण मिळाले, सगळ्यांत जास्त. पण त्यांना विजेते ठरवलं नाही, कारण त्यांनी स्कॅन वापरलेच नव्हते! त्यांनी फक्त ती साधी माहिती घेतली होती, जी शाळेच्या दाखल्यावर आणि एका बुद्ध्यंक चाचणीत मिळते. स्कॅन वापरणारा सगळ्यात चांगला संघ त्यांच्या दोन टक्के मागे होता. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रातून काढलेल्या चित्रांपेक्षा वय आणि लिंग जास्त सांगून गेलं. मला ही गोष्ट फार आवडते, आणि ती सांगितली की मेंदूविज्ञानातले मित्र थोडे वैतागतात. 'ते जुनं झालं, आता गणितं सुधारलीत' असं म्हणतात. सुधारली आहेत, खरं आहे.

पण त्याच सुमारास आणखी एक लाजिरवाणी गोष्ट पुढे आली. एमआरआयच्या बोगद्यात माणूस मिलिमीटरभर जरी हलला तरी मेंदूचे भाग एकमेकांशी किती जोडलेले आहेत याची आकडेमोड बिघडते, आणि ती ठराविक पद्धतीने बिघडते. 2012 मध्ये दोन-तीन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. आता विचार करा, एडीएचडीचं मूल बोगद्यात काय करणार? हलणारच. म्हणजे संगणकाने 'मेंदूतला फरक' म्हणून जे पकडलं त्यातलं किती मेंदूचं आणि किती चुळबुळीचं? चुळबुळ ओळखायला आईला स्कॅनर लागत नाही.

पुढे 2020 साली एकाच प्रयोगाचे तेच स्कॅन 70 संघांना दिले गेले आणि तेच नऊ प्रश्न विचारले गेले. कुठल्याही दोन संघांनी विश्लेषणाची तंतोतंत सारखी वाट धरली नाही, आणि काही प्रश्नांवर उत्तरं चक्क उलटसुलट आली. यात कुणी लबाडी केली नव्हती. स्कॅनवरचे ते लाल-पिवळे ठिपके म्हणजे छायाचित्र नव्हे. ते रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलांवरून पायऱ्यापायऱ्यांनी केलेला हिशेब आहे, आणि प्रत्येक पायरीवर हिशेबनिसाला निवड करावी लागते. आपण 'फोटो' म्हणतो तिथूनच फसगत सुरू होते.

तरीही, मानसिक आजारांत मेंदूत काही दिसतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. 1976 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी तेव्हा नवीनच आलेल्या सीटी स्कॅनवर दाखवलं की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार) असलेल्यांच्या मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या होत्या. ते निरीक्षण पुढे पुन्हा पुन्हा खरं ठरलं. पण बायपोलरमध्येही त्या सरासरीने थोड्या मोठ्या निघाल्या. 2015 मध्ये सहा वेगवेगळ्या मनोविकारांवरचे 193 अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मेंदूतल्या त्याच दोन-तीन जागा सगळ्यांत थोड्या विरळ झालेल्या दिसल्या. म्हणजे स्कॅन सांगतो, 'काहीतरी आहे.' काय आहे, हे विचारलं की सगळ्यांना एकच उत्तर देतो.

आणि तेही सरासरीचं. समजा दोन बागांतल्या हापूसची हजार-हजार फळं तोलली आणि सरासरी वजनात दहा ग्रॅमचा फरक निघाला. फरक खरा आहे, पुन्हा तोललं तरी येईल. आता माझ्या हातात एक आंबा ठेवा आणि विचारा, कुठल्या बागेतला? मी वजन करून काय सांगणार? 1,809 लोकांवरचा, 2022 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमकं हेच दाखवतो. त्यात नैराश्य असलेले आणि नसलेले दोन्ही होते, आणि मेंदूच्या एकेका मापावरून नैराश्य कुणाला आहे हे ओळखायला गेल्यावर अचूकता आली 54 ते 56 टक्के. छापाकाट्याला 50 मिळतात. हे नैराश्य आणि निरोगी यांच्यातलं झालं. नैराश्य आणि बायपोलर यांच्यातली वाट त्याहून चिंचोळी.

मग बातम्यांतले ते ऐंशी-नव्वद टक्के येतात कुठून? बहुतेक वेळा छोट्या गटांतून. 2013 चा एक अभ्यास घ्या. नैराश्याच्या 18 आणि बायपोलरच्या 18 स्त्रिया, कपाळामागच्या एका छोट्या भागातला रक्तप्रवाह, आणि अचूकता 81 टक्के. अभ्यास प्रामाणिक होता. पण छत्तीस माणसांवर बसवलेलं माप छत्तीस माणसांनाच छान बसतं. 2022 मध्ये पन्नास हजारांच्या आसपास लोकांचे स्कॅन तपासून संशोधकांनी दाखवलं की मेंदूची मापं आणि वागणूक यांचा भरवशाचा संबंध सापडायला हजारो माणसं लागतात. तोवरच्या अभ्यासांत ठराविक संख्या होती पंचवीसच्या आसपास.

तरी क्षणभर धरून चालू की यंत्र खरंच 80 टक्के अचूक आहे, दोन्ही बाजूंनी. ओपीडीत नैराश्याची लक्षणं घेऊन शंभर जण आले आणि समजा त्यातल्या दहा जणांना खरं तर बायपोलर आहे. यंत्र त्या दहांपैकी आठ पकडेल. उरलेल्या नव्वदांपैकी अठरा जणांवरही चुकून बायपोलरचा शिक्का मारेल. एकूण शिक्के सव्वीस, त्यातले खरे आठ. बाकी अठरा जणांना नको ती औषधं, नको ते नाव, आणि आपल्याकडे त्या नावासोबत येणारं सगळं. ज्या दोघांना यंत्राने सोडलं त्यांच्या घरी कोणीतरी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून म्हणेल, "बघा, मशीननेच सांगितलं."

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मोठे गट घ्या, चांगली यंत्रं घ्या, थांबा दहा वर्षं. माझा मुख्य आक्षेप इथे सुरू होतो.

संगणकाला शिकवताना त्याला हजार स्कॅन द्यावे लागतात आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवावी लागते की हा नैराश्याचा, हा बायपोलरचा, हा स्किझोफ्रेनियाचा. ती चिठ्ठी कोण लिहितं? समोर बसून झोप-भूक विचारणारे तेच डॉक्टर. ज्या 'नुसत्या गप्पां'वर आपला विश्वास नाही, त्याच गप्पांचा निकाल यंत्राला धडा म्हणून दिला जातो. यंत्र फार फार तर डॉक्टरांचीच नक्कल करायला शिकतं, त्यांच्या चुकांसकट. आणि त्या चिठ्ठ्या किती पक्क्या? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये आपल्या मनोविकारांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती काढली. त्याआधी तिची मैदानी चाचणी झाली, एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं भेटायचं आणि दोघांची नावं जुळतात का ते बघायचं. शून्य म्हणजे नुसत्या योगायोगाइतकी सहमती, एक म्हणजे पूर्ण सहमती. बायपोलरच्या मुख्य प्रकाराला मिळाले 0.56, स्किझोफ्रेनियाला 0.46 आणि नैराश्याला, जगभर अगदी नेहमी आढळणाऱ्या मनोविकाराला, अवघे 0.28.

डॉक्टर कच्चे होते म्हणून असं झालेलं नाही. या आजारांमधल्या भिंती मुळात आपण घातलेल्या आहेत. 1899 मध्ये एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने वेडाचे दोन मोठे भाग केले. एक, ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो तो, माणसाला हळूहळू खचवत नेणारा. दुसरा उन्माद-नैराश्याचा, येणारा-जाणारा. त्याने हे कशावरून केलं? मेंदू चिरून नव्हे. रुग्णांची वर्षानुवर्षांची वाटचाल कार्डांवर टिपून. मेंदू चिरणारा माणूसही त्याच्याकडे होता, अलॉइस अल्झायमर. अल्झायमरला स्मृतिभ्रंशाची खूण सूक्ष्मदर्शकाखाली सापडली आणि तो आजार आज त्याच्या नावाने ओळखला जातो. क्रेपेलिनच्या दोन भागांची मात्र अशी खूण सापडली नाही, आणि 1920 मध्ये, म्हातारपणी, त्याने स्वतःच मान्य केलं की अनेक रुग्ण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतात.

मधली ती भिंत कुठे घालायची हे तर गावागणिक बदलायचं. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क-लंडन तुलनेत दिसलं की न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचं नाव लंडनपेक्षा कितीतरी अधिक वेळा देत होते. एकाच पद्धतीने मुलाखती घेतल्यावर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. अटलांटिक ओलांडला की आजार बदलत होता! 2018 मध्ये मेंदूच्या 25 आजारांच्या जनुकांची, अडीच लाखांहून अधिक रुग्ण घेऊन, तुलना झाली. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस असे मज्जासंस्थेचे आजार एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळे राहिले. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, नैराश्य, चिंता, एडीएचडी यांचा मात्र एकमेकांत बराच गुंता निघाला. एकमेकांत मिसळणं हा या आजारांचा स्वभावच असेल, तर 'हा नक्की कुठल्या कप्प्यातला?' असं यंत्राला विचारणं म्हणजे संगमावरच्या पाण्याची बाटली भरून 'यातली कृष्णा कुठली, कोयना कुठली?' विचारण्यासारखं आहे. यंत्र उत्तर देईल. यंत्र नेहमीच उत्तर देतं.

हे अमेरिकन सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेलाही दिसलं होतं. तिचे तेव्हाचे प्रमुख थॉमस इन्सेल यांनी 2013 मध्ये जाहीर केलं की संस्था यापुढे वर्गीकरणाच्या पुस्तकातल्या कप्प्यांपासून आपलं संशोधन दूर नेईल. पद सोडल्यावर त्याच इन्सेलनी कबुली दिली की तेरा वर्षांत मेंदू आणि जनुकांच्या संशोधनावर वीस अब्ज डॉलरच्या घरात खर्च झाला, उत्तम निबंध छापून आले, पण आत्महत्या कमी झाल्या नाहीत, इस्पितळातल्या भरत्या कमी झाल्या नाहीत, रुग्णांचं आयुष्य सुधारलं नाही. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने एवढं बोलणं सोपं नसावं.

म्हणून मेंदूचं संशोधन बंद करा असं मी म्हणत नाही. उलट नावांचा नाद सोडून जे प्रयोग वेगळा प्रश्न विचारतायत, ते मला आशेचे वाटतात. या माणसाला आजार कुठला, हे सोडा. याला गोळी लागू पडेल की समुपदेशन, एवढं स्कॅनवरून सांगता येतं का? 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने नैराश्य आणि चिंता असलेल्या 801 जणांचे स्कॅन घेऊन सहा गट पाडले. ते गट रोगांच्या नावांप्रमाणे पडले नाहीत, आणि कुठल्या गटाला कुठला उपचार मानवतो यात फरक दिसला. ही दिशा बरोबर आहे. पण सावधही राहू. 2017 मध्ये नैराश्याचे असेच चार प्रकार स्कॅनवरून सापडल्याचं गाजलं होतं, आणि दोन वर्षांत दुसऱ्या गटाने तसाच प्रयोग करून पाहिला तर ते प्रकार पक्के सापडेनात.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून कुणी डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅनही टाळायचा. मनाची लक्षणं घेऊन आलेल्या काही माणसांना स्कॅन लागतोच. पन्नाशी-साठीत आयुष्यात पहिल्यांदा कुणी अचानक उधळ्या, निर्लज्ज, बेफिकीर झाला, तर तो बायपोलर नसून मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश असू शकतो, आणि तो स्कॅनवर दिसू शकतो. आपल्याकडे फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी होतात, फिट येतात, कधी वागणं बदलतं. गाठ, रक्तस्राव, मेंदूची सूज, यासाठी डॉक्टर एमआरआय सांगतात तेव्हा तो निमूट करावा. पण हे ओळखा की इथे यंत्र मनोविकार शोधत नाही. दुसरं काही नाही ना, याची खात्री करून घेतंय. आमच्या काकांचा घोळ नेमका इथे झाला. 'गाठ नाही' हे त्यांनी 'आजार नाही' असं वाचलं.

अशा लाखो काकांसाठी मला एक साधी गोष्ट हवी आहे. मानसिक लक्षणांसाठी काढलेल्या प्रत्येक स्कॅनच्या रिपोर्टवर, मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ छापा : 'या तपासणीवरून मानसिक आजार आहे किंवा नाही हे ठरत नाही.' खर्च शून्य. आणि जो कोणी स्कॅन किंवा डोक्याला तारा लावून केलेली 'ब्रेन मॅपिंग' दाखवून नैराश्य, बायपोलर, एडीएचडी यांचं निदान विकेल, त्याला तसं करायला मनाई असावी. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की मानसिक आजार ठरवायचा तो देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांवर. त्या निकषांत मनोविकारांची नावं देण्यासाठी स्कॅन कुठेच नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेसाठी काम करणाऱ्या गटानेही 2018 मध्ये हेच सांगितलं की निदानासाठी उपयोगी पडेल अशी एकही स्कॅनची खूण अजून हाती नाही. मग जाहिरातीत ती कुठून येते?

हा धाक मला उगाच वाटत नाही. यंत्राच्या शब्दाला आपल्याकडे किती वजन येतं हे पुण्याने पाहिलं आहे. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात, आरोपीच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विद्युतलहरींवरून काढलेला 'तिला हे अनुभवाने ठाऊक आहे' हा निष्कर्ष पुराव्यात धरला. जगभर त्याची चर्चा झाली, ती कौतुकाची कमी आणि धास्तीची जास्त. 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करणं घटनाबाह्य ठरवलं. ती चाचणी वेगळी, एमआरआय वेगळा, मान्य. पण न्यायाधीशाला यंत्र पटतं तर सासऱ्याला का नाही पटणार? उद्या लग्न ठरवताना, विमा घेताना, घटस्फोटाच्या खटल्यात 'स्कॅन दाखवा' म्हणणारे निघतील. ज्याचा स्कॅन नॉर्मल त्याला ढोंगी म्हणतील, ज्याचा नाही त्याला कायमचा वेडा.

काही जण प्रेमाने म्हणतात की मेंदूत दिसलं तर निदान लोक दोष तरी देणार नाहीत. हे अर्धंच खरं आहे. अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत दिसतं की 'हा मेंदूचा जैविक आजार' म्हटल्यावर लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण हा बरा होणार नाही असंही जास्त मानतात. दोष गेला आणि आशाही गेली, हा सौदा मला परवडणारा वाटत नाही.

आता पैशांचं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवा) निरनिराळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नसल्याचं दिसलं. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही येत नाही. सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला येतात ती मिनिटं हाताच्या बोटांवर मोजावी. नैराश्य आणि बायपोलर वेगळं करायला जे लागतं ते आहे मागचा इतिहास. कधी कमी झोपूनही ताजंतवानं वाटलं होतं का? पैसे उडवले होते का? घरात आणखी कुणाला? आणि हे रुग्णाला एकट्याला विचारून भागत नाही, कारण खाली गेलेल्या माणसाला आपण कधी वर गेलो होतो हे आठवत नाही, किंवा तेच दिवस त्याला आयुष्यातले सगळ्यात चांगले वाटतात. ते घरच्यांना विचारावं लागतं, निवांत. त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. नवा स्कॅनर घेण्याच्या पैशांत किती समाजकार्यकर्त्यांचे, किती परिचारिकांचे पगार किती वर्षं निघतील याचा हिशेब आरोग्य खात्याने एकदा मांडावा.

मावसभावाचं कोडं सुटलं ते असंच. तिसऱ्या डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवलं, उघडलंही नाही. मावशीला विचारलं, "तुम्ही कशाची नोंद ठेवता का घरी?" मावशी गोंधळली. म्हणाली, "दुधाची ठेवते." पुढच्या खेपेला तिने पाच वर्षांची कालनिर्णयं पिशवीत घालून नेली. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनांत तिच्या बारीक अक्षरात मधूनमधून लिहिलेलं होतं : 'जेवला नाही.' 'दुकान बंद.' 'रात्रभर जागा, गाणी.' 'पाचशेचे पेढे वाटले.' 'बोलत नाही.' डॉक्टरांनी पानं उलटत पेन्सिलीने खुणा केल्या, तेव्हा वर्षाचा चढउतार डोळ्यांसमोर उभा राहिला. दर वेळी पेढ्यांआधी झोप गेलेली होती.

आता तो लिथियमवर आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, औषधाची पातळी, थायरॉइड, किडनी. ती तपासणी मात्र काका स्वतः सोबत जाऊन करवून आणतात, रिपोर्टही स्वतः वाचतात. दुकान सुरू आहे. फार चांगलं चाललंय असं नाही, पण सुरू आहे.

हा लेख लिहितोय म्हटल्यावर मावशीने विचारलं, "मग तो डोक्याचा फोटो देऊ का रद्दीत?" मी नको म्हटलं. साठीत कधी काही वेगळं वाटलं तर तेव्हाच्या डॉक्टरांना जुन्या फोटोशी ताडून बघता येईल. तिने पाकीट पुन्हा कपाटावर सरकवलं आणि वर कालनिर्णयांचा गठ्ठा ठेवला.